एव्हरीवननंतर हिज की देअर? इंग्रजी सर्वनाम आणि त्याच्या मूळ नामाचा मेळ

शाईदौत

मराठीतून इंग्रजीत मजकूर नेणाऱ्यांसाठी आणि असा मजकूर तपासणाऱ्यांसाठी हा धागा काढतेय. सर्वनाम ज्या नामाच्या जागी येतं त्याला इंग्रजी व्याकरणात अँटिसिडेंट म्हणतात. इथे सोयीसाठी ‘मूळ नाम’ म्हणूया. नियम एका ओळीत मावतो: सर्वनामाचं वचन, लिंग आणि पुरुष मूळ नामाप्रमाणे. पण चांगलं इंग्रजी लिहिणारेही पुढच्या चार वाक्यांपाशी हमखास अडतात.

‘एव्हरीवन शुड ब्रिंग … ओन पेन.’ इथे हिज, हिज ऑर हर, की देअर?

‘द कमिटी हॅज सबमिटेड … रिपोर्ट.’ इट्स की देअर?

‘नायदर द मॅनेजर नॉर द प्लेअर्स हॅव कलेक्टेड … मेडल्स.’ हिज की देअर?

‘शी इज वन ऑफ द रायटर्स हू रिवाइज … वर्क एव्हरी डे.’ हर की देअर?

उत्तरासोबत कारणही लिहा. कारण कळलं नाही तर वाक्य बदलताच पुन्हा तिथेच अडायला होतं.

अनुस्वार

चारही वाक्यांकडे येऊच, पण नियम आठवण्याआधी मूळ नाम शोधायची सवय लावून घ्या. दहातल्या बहुतेक चुका नियम माहीत नसल्यामुळे होत नाहीत. भलतंच नाम मूळ नाम धरल्यामुळे होतात.

शोधायची रीत अशी. सर्वनामाखाली रेघ मारा. त्याच्या जागी वाक्यातलं एकेक नाम ठेवून वाचा आणि ज्या नामाने अर्थ बसतो त्याच्याकडे बाण काढा. मग त्या नामाला चिकटलेला ‘ऑफ’, ‘विथ’, ‘अलाँग विथ’, ‘ॲज वेल ॲज’चा तुकडा पेन्सिलीने खोडा आणि उरलेल्या शब्दाचं वचन बघा.

‘ईच ऑफ द गर्ल्स हॅज फिनिश्ड हर ड्रॉइंग.’ इथे ‘गर्ल्स’ हा शब्द ‘हर’च्या जास्त जवळ आहे, म्हणून हात आपोआप ‘देअर’ लिहायला जातो. ‘ऑफ द गर्ल्स’ खोडलं की ‘ईच’ उरतं, म्हणजे एकेक मुलगी. तसंच ‘द कॅप्टन, अलाँग विथ हिज प्लेअर्स, हॅज लेफ्ट हिज हॉटेल’. खेळाडू कितीही असोत, ‘अलाँग विथ’ने जोडलेला तुकडा कर्त्यात मोजत नाहीत. त्याच जागी ‘अँड’ आलं असतं तर वचन बदललं असतं.

आता आपल्या मराठी कानाबद्दल, कारण निम्मा घोटाळा तिथून येतो.

मराठीत आदराला अनेकवचन लागतं. ‘बाबा आले, त्यांनी त्यांची बॅग ठेवली.’ हेच डोक्यात ठेवून इंग्रजीत ‘माय फादर केम अँड दे केप्ट देअर बॅग’ लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं, वडिलांबरोबर आणखी कोणीतरी होतं. इंग्रजी सर्वनामात आदर दाखवायची सोयच नाही. वडील असोत, गुरुजी असोत की राष्ट्राध्यक्ष, एक पुरुष म्हणजे ‘ही’ आणि एक स्त्री म्हणजे ‘शी’.

मराठीत खुर्ची ती, दगड तो आणि टेबल ते. इंग्रजीत तिन्ही ‘इट’. हे सगळ्यांना पाठ असतं, पण लांब परिच्छेदात निसटतं. ‘कंपनी’ आणि ‘संस्था’ मराठीत स्त्रीलिंगी आहेत, त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या वाक्यात ‘हर एम्प्लॉयीज’ असं उमटून जातं. तिथे ‘इट्स एम्प्लॉयीज’ हवं. हे मालकीचं ‘इट्स’ लिहिताना अपॉस्ट्रॉफी घालायची नाही. ती घातली की ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’ असा अर्थ होतो.

आणि सगळ्यात नाजूक जागा म्हणजे ‘आपला’. ‘सीमाने आपल्या भावाला पत्र लिहिलं’ यात भाऊ सीमाचाच. ‘सीमाने तिच्या भावाला पत्र लिहिलं’ यात तो दुसऱ्या कुणाचा, समजा लताचा, असू शकतो. इंग्रजीत दोन्हीला ‘हर ब्रदर’ एवढंच आहे. मराठीने शब्दातच केलेला फरक इंग्रजीत पुसला जातो, म्हणून अनुवादकाने तो वाक्यरचनेतून परत आणायला हवा. भाऊ लताचा असेल तर सरळ ‘लताज ब्रदर’ लिहावं. नाम पुन्हा लिहिण्यात कमीपणा नाही.

कानामात्रा

यात न मोजता येणाऱ्या नामांची भर घालते. ‘फर्निचर’, ‘लगेज’, ‘इन्फर्मेशन’, ‘ॲडव्हाइस’, ‘इक्विपमेंट’ यांना अनेकवचन नाही, म्हणून सर्वनाम ‘इट’. मराठीत ‘सगळ्या सूचना’, ‘सगळी उपकरणं’ म्हणायची सवय असल्यामुळे ‘दे’ येतं. उलट ‘पोलीस’, ‘पीपल’, ‘कॅटल’ दिसायला एकवचनी, पण सर्वनाम ‘दे’. ‘न्यूज’, ‘मॅथेमॅटिक्स’, ‘मीझल्स’ यांच्या शेवटी ‘स’ असला तरी ‘इट’.

कात्री, चष्मा, पँट या मराठीतल्या एकवचनी वस्तू इंग्रजीत ‘सिझर्स’, ‘स्पेक्टॅकल्स’, ‘ट्राउझर्स’ होतात आणि सर्वनाम ‘दे’ घेतात. ‘व्हेअर आर माय स्पेक्टॅकल्स? आय लेफ्ट देम ऑन द टेबल.’ चष्मा एकच असला तरी ‘देम’.

निळीरेघ

आता ‘एव्हरीवन’. ‘ईच’, ‘एव्हरी’, ‘आयदर’, ‘नायदर’, ‘एनीवन’, ‘समबडी’, ‘नोबडी’ ही मंडळी क्रियापदापुरती पक्की एकवचनी आहेत. ‘एव्हरीवन हॅज’, ‘नोबडी नोज’ यात कुणाचंच दुमत नाही. वाद फक्त सर्वनामाचा आहे, आणि तो व्याकरणाइतकाच अर्थाचाही आहे.

हे वाक्य बघा: ‘एव्हरीबडी लेफ्ट, सो आय लॉक्ड द डोअर बिहाइंड हिम.’ एकवचनाचा नियम तंतोतंत पाळलाय, पण वाक्य हास्यास्पद झालंय. सगळे गेले आणि दार मात्र एकाच कुणाच्या तरी मागे लावलं! इथे ‘देम’शिवाय इलाज नाही. म्हणजे ‘एव्हरीबडी’ रूपाने एक आणि अर्थाने अनेक आहे. क्रियापद रूपाकडे बघतं, आणि सर्वनाम जितकं लांब जातं तितकं ते अर्थाकडे ओढलं जातं.

एकवचनी ‘दे’ हे हल्लीचं फॅड आहे असा समज आहे, तो चुकीचा आहे. ‘दे’, ‘देम’, ‘देअर’ हे शब्द इंग्रजीने जुन्या नॉर्स भाषेतून घेतले आणि चौदाव्या शतकापासून ते अशा अनिश्चित एका व्यक्तीसाठी वापरात आहेत. शेक्सपिअर आणि जेन ऑस्टिन यांच्या लिखाणातही ते सापडतं. ते चूक ठरवायचा जोर अठराव्या शतकातला. लिंडली मरे यांनी 1795च्या आपल्या व्याकरणात ‘एनीवन’बरोबरचं ‘देअर’ सुधारून ‘हिज’ करायला सांगितलं आणि पुढे शाळाशाळांतून तेच घोटवलं गेलं. 1850 साली ब्रिटिश पार्लमेंटने कायद्यांची भाषा आटोपशीर करण्यासाठी कायदा केला, त्यात पुल्लिंगी शब्दांत स्त्रियाही धराव्यात असं म्हटलं. ‘ही’मध्ये सगळे आले, ही समजूत अशी कायद्यातही गेली.

आता प्रवाह परत फिरलाय. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या लेखनपुस्तिकेची सातवी आवृत्ती 2019 साली आली. तिने व्यक्तीचं लिंग माहीत नसेल किंवा त्याचा संबंध नसेल तिथे एकवचनी ‘दे’ वापरायला सांगितलं. त्याच वर्षी मेरियम-वेबस्टर शब्दकोशाने ‘दे’ हा वर्षाचा शब्द म्हणून निवडला. जी व्यक्ती स्वतःसाठी ‘दे’ हेच सर्वनाम सांगते तिच्यासाठी ते वापरायचं, हेही आता रुळलंय.

वापरताना दोन गोष्टी सांभाळा. एक व्यक्ती असली तरी क्रियापद अनेकवचनीच राहतं: ‘दे आर’, ‘दे हॅव’. ‘दे इज’ असं प्रमाण इंग्रजीत होत नाही. ‘यू’चंही असंच झालं होतं. ते मुळात अनेकवचन. एकासाठी ‘दाऊ’ होतं, ते मागे पडलं आणि आज एका माणसालाही आपण ‘यू आर’ म्हणतो. दुसरं म्हणजे ‘देमसेल्फ’ हे रूप शब्दकोशांत आहे, पण औपचारिक मजकुरात अजून खटकतं. तिथे वाक्य फिरवून ते टाळलेलं बरं.

कानामात्रा

निळीरेघ, इतिहास पटला. पण परीक्षेला बसणाऱ्याने काय करायचं? चूक ओळखायच्या प्रश्नांत ‘ईच ऑफ द बॉईज हॅज डन देअर होमवर्क’ मधलं ‘देअर’ हीच चूक धरतात. जुन्या पठडीच्या व्याकरणावर बेतलेल्या परीक्षेत एकवचनी ‘दे’चा इतिहास कुणी विचारत नाही.

निळीरेघ

बरोबर. म्हणून दोन वेगळ्या गोष्टी दोन वेगळ्या खणांत ठेवायच्या. परीक्षेचं व्याकरण जुनं असेल तर ‘ईच’, ‘एव्हरी’, ‘नायदर ऑफ’ यांच्यापुढे एकवचन निवडा. तुमच्या वाक्यात ‘बॉईज’ आहे, लिंग स्पष्ट आहे, त्यामुळे तिथे ‘हिज’ कोणत्याही पठडीत बिनचूक.

स्वतः लिहिताना मात्र सगळ्यात सुरक्षित वाट म्हणजे कर्ताच अनेकवचनी करणं. ‘एव्हरी स्टुडंट मस्ट ब्रिंग हिज ऑर हर कार्ड’ऐवजी ‘ऑल स्टुडंट्स मस्ट ब्रिंग देअर कार्ड्स’. यावर कुठलाच परीक्षक बोट ठेवत नाही. दुसरी वाट म्हणजे सर्वनामच काढून टाकणं: ‘एव्हरी स्टुडंट मस्ट ब्रिंग अ कार्ड’. ‘हिज ऑर हर’ एखाद्या वेळी चालतं. परिच्छेदात चार वेळा आलं की वाचणारा अर्थ सोडून तेच मोजत बसतो.

आणि मराठीतला ‘आपापला’ आठवा. ‘प्रत्येकाने आपापलं पेन आणावं.’ कर्ता एकवचनी, पण वाटणी सगळ्यांत, आणि लिंगाचा उल्लेखच नाही! इंग्रजीला असा शब्द नाही, म्हणून तिथे ‘देअर ओन’ला ते काम करावं लागतं. मला तर ‘एव्हरीवन शुड ब्रिंग देअर ओन पेन’ हे ‘आपापला’चं सगळ्यात नेमकं इंग्रजी वाटतं.

रानजाई

‘ईच’बद्दल एक राहिलं. तो कर्त्याच्या आधी आला तर एकवचन, कर्त्यानंतर आला तर त्याची सत्ता संपते. ‘ईच स्टुडंट हॅज हिज ऑर हर लॉकर’ पण ‘द स्टुडंट्स ईच हॅव देअर ओन लॉकर’. दुसऱ्या वाक्यात कर्ता ‘स्टुडंट्स’ आहे, ‘ईच’ नुसता वाटणी सांगायला आलाय.

आता ‘कमिटी’. ‘टीम’, ‘ज्युरी’, ‘फॅमिली’, ‘स्टाफ’, ‘गव्हर्नमेंट’ ही समूहवाचक नामं. अमेरिकन इंग्रजीत ती सहसा एकवचनी: ‘द टीम हॅज वन इट्स मॅच’. ब्रिटिश इंग्रजीत दोन्ही चालतात. समूह एक म्हणून वागला तर ‘इट्स’ आणि त्यातली माणसं सुटी सुटी वागली तर ‘देअर’. ‘द ज्युरी हॅज गिव्हन इट्स व्हर्डिक्ट’ कारण निकाल एकच. ‘द ज्युरी हॅव टेकन देअर सीट्स’ कारण खुर्च्या प्रत्येकाच्या वेगळ्या.

खरी चूक दोन्ही एकत्र करण्यात आहे. ‘द कमिटी हॅज सबमिटेड देअर रिपोर्ट’ मध्ये क्रियापदाने समितीला एक मानलं आणि लगेच पुढे सर्वनामाने तिला अनेक मानलं. शाईदौत, तुमच्या वाक्यात ‘हॅज’ आधीच आहे, म्हणून ‘इट्स’. संबंधी सर्वनामातही हे उतरतं: समूह एक असेल तर ‘द कमिटी विच हॅज’, माणसं असतील तर ‘द कमिटी हू हॅव’.

अमेरिकन पद्धतीने लिहिताना माणसं सुटी दाखवायची झाली तर ‘द मेंबर्स ऑफ द ज्युरी’ लिहा आणि मोकळे व्हा.

अनुस्वार

तिसरं वाक्य, ‘नायदर… नॉर’. ‘ऑर’ आणि ‘नॉर’ने जोडलेल्या नामांची बेरीज होत नाही, त्यामुळे जवळचं नाम जिंकतं. ‘नायदर द मॅनेजर नॉर द प्लेअर्स हॅव कलेक्टेड देअर मेडल्स.’ जवळ ‘प्लेअर्स’ आहेत, म्हणून ‘हॅव’ आणि ‘देअर’.

उलटं करून बघा: ‘नायदर द प्लेअर्स नॉर द मॅनेजर हॅज कलेक्टेड हिज मेडल.’ नियमाने शुद्ध आहे, पण वाचणाऱ्याला वाटतं की खेळाडूंनाही मॅनेजरचंच पदक आणायचं होतं. म्हणून अनेकवचनी नाम नेहमी दुसऱ्या जागी ठेवा. दोन्ही एकवचनी आणि लिंग वेगळं असेल, जसं ‘आयदर रमेश ऑर सीमा विल लेंड यू हिज… हर… बुक’, तर कोणतंच सर्वनाम गोड लागत नाही. तिथे ‘विल लेंड यू अ बुक’ करून सर्वनाम उडवावं.

‘अँड’ने बेरीज होते, पण त्याला तीन अपवाद आहेत. आधी ‘ईच’ किंवा ‘एव्हरी’ आलं तर एकवचन: ‘एव्हरी पेन अँड पेन्सिल हॅज इट्स प्लेस’. दोन नामं मिळून एकच वस्तू असेल तर एकवचन: ‘ब्रेड अँड बटर’. आणि एकाच माणसाची दोन पदं असतील तर एकवचन. हा तिसरा अपवाद फक्त आर्टिकलवरून कळतो. ‘द सेक्रेटरी अँड ट्रेझरर हॅज साइन्ड हर नेम’ मध्ये ‘द’ एकदाच, म्हणजे बाई एकच. ‘द सेक्रेटरी अँड द ट्रेझरर हॅव साइन्ड देअर नेम्स’ मध्ये ‘द’ दोनदा, म्हणजे माणसं दोन. इतिवृत्त तपासताना हा एक ‘द’ चुकला तर सह्या किती झाल्या तेच बदलतं.

पायवाट

चौथं वाक्य माझ्या आवडीचं. ‘शी इज वन ऑफ द रायटर्स हू रिवाइज देअर वर्क एव्हरी डे.’ ‘देअर’ बरोबर.

‘हू’ इथे कोणाच्या जागी आलंय? मराठीत उलगडून बघा: ‘जे लेखक रोज आपलं लिखाण पुन्हा तपासतात, त्यांच्यापैकी ती एक.’ ‘जे’ हे ‘लेखक’साठी आलंय, ‘ती’साठी नाही. म्हणून ‘हू’चं मूळ नाम ‘रायटर्स’, क्रियापद ‘रिवाइज’ आणि पुढचं सर्वनाम ‘देअर’. एकाच साखळीतल्या या तीन कड्या. पहिली चुकली की तिन्ही चुकतात.

आता त्यात ‘द ओन्ली’ घाला: ‘शी इज द ओन्ली वन ऑफ द रायटर्स हू रिवायझेस हर वर्क एव्हरी डे.’ मराठीत: ‘त्या लेखकांपैकी रोज लिखाण तपासणारी ती एकटीच.’ आता तपासणारी एकच, म्हणून मूळ नाम ‘वन’.

पुरुषाचंही हेच. ‘इट इज आय हू अॅम रिस्पॉन्सिबल’. ‘हू’चं मूळ नाम ‘आय’, म्हणून ‘अॅम’. बोलताना लोक ‘इट्स मी हू इज’ म्हणतात, ते बोलण्यातच ठीक.

निळीरेघ

पुरुषाचा विषय निघालाच आहे तर परीक्षेत नेहमी येणारी जोडी सांगते. वेगवेगळ्या पुरुषांची सर्वनामं ‘अँड’ने जोडली तर पुढचं सर्वनाम असं ठरतं: गटात ‘मी’ असेल तर ‘अवर’. ‘मी’ नसेल आणि ‘तू’ असेल तर ‘युअर’. दोघंही नसतील तर ‘देअर’. ‘यू अँड आय हॅव डन अवर ड्यूटी’, ‘यू अँड ही हॅव डन युअर ड्यूटी’, ‘ही अँड शी हॅव डन देअर ड्यूटी’. मराठीत ‘तू आणि तो आपलं काम करा’ म्हणतो. तिथे ‘करा’ हे रूपच ‘तुम्ही’चं आहे, त्यामुळे नियम लक्षात ठेवायला सोपा जातो.

दुसरी चूक म्हणजे मध्येच पुरुष बदलणं. ‘इफ अ पर्सन वॉक्स डेली, यू विल स्टे फिट.’ सुरुवात ‘पर्सन’ने केली तर शेवटी ‘यू’ नको. ‘वन’ने सुरुवात केली तर ब्रिटिश रीतीने शेवटपर्यंत ‘वन’ आणि ‘वन्स’ ठेवतात: ‘वन मस्ट कीप वन्स प्रॉमिस’. अमेरिकन रीतीत पुढे ‘हिज’ चालतं. ‘एव्हरीवन’ आणि ‘नोवन’ला हा नियम लावू नका. त्यांच्यात ‘वन’ असला तरी त्यांच्यापुढे ‘वन्स’ येत नाही.

पायवाट

इतका वेळ आपण वचन, लिंग आणि पुरुष बसवत आहोत. ते तिन्ही बसूनही वाक्य फसू शकतं. ‘रमेश टोल्ड सुरेश दॅट ही हॅड पास्ड.’ मेळ शंभर टक्के आहे, पण पास कोण झालं? दोन्ही पुरुष, दोन्ही एकवचनी, त्यामुळे ‘ही’ दोघांकडेही बोट दाखवतं. यावर उपाय म्हणजे थेट बोलणं उद्धृत करणं किंवा नाव पुन्हा लिहिणं.

संगणकशास्त्रज्ञ टेरी विनोग्राड यांनी 1972 साली यावर फार सुंदर उदाहरण दिलंय. नगरसेवकांनी निदर्शकांना परवानगी नाकारली, कारण ‘दे’ना हिंसेची भीती होती. ‘फिअर्ड’ असेल तर ‘दे’ म्हणजे नगरसेवक. तेवढं एक क्रियापद बदलून ‘ॲडव्होकेटेड’ केलं, म्हणजे हिंसेचा पुरस्कार केला, की ‘दे’ म्हणजे निदर्शक. दोन्ही नामं अनेकवचनी आहेत, वाक्याची रचना तीच आहे, तरी बाण एका नामावरून उडून दुसऱ्यावर जातो. तो उडवतं आपलं जगाचं ज्ञान. पुढे यंत्राला अर्थ कळतो का हे जोखण्यासाठी याच धर्तीच्या वाक्यांची चाचणी तयार झाली. व्याकरण तपासणारं सॉफ्टवेअर ‘ईच… देअर’ पकडतं, पण ‘रमेश टोल्ड सुरेश’सारखं वाक्य सहसा सोडून देतं. ते डोळ्यांनीच धरावं लागतं.

आणखी एक वाद ऐकून ठेवा. मालकी दाखवणारं नाम मूळ नाम होऊ शकतं का? अमेरिकेत ऑक्टोबर 2002च्या पीएसॅट परीक्षेत (कॉलेजप्रवेशाच्या सॅटची पूर्वपरीक्षा) कादंबरीकार टोनी मॉरिसन यांच्याबद्दल एक वाक्य होतं, ज्यात ‘टोनी मॉरिसन्स जीनियस’ पुढे ‘हर’ आलं होतं. उत्तरसूचीप्रमाणे वाक्यात चूक नव्हती. एका शिक्षकाने आक्षेप घेतला की ‘मॉरिसन्स’ हे विशेषणासारखं वापरलंय, म्हणून ‘हर’ त्याच्याकडे जाऊ शकत नाही. 2003 साली परीक्षा घेणाऱ्यांनी तो प्रश्नच गुणांतून वगळला. माझं मत विचाराल तर ते वाक्य निर्दोष होतं. ‘हर’ म्हणजे कोण याबद्दल एकाही वाचकाला शंका येत नाही. पण ‘इन सीमाज बुक, शी सेज’ अशी रचना मीही बदलते, कारण ‘इन हर बुक, सीमा सेज’ जास्त स्वच्छ वाचलं जातं.

रानजाई

‘धिस’ आणि ‘विच’बद्दलही सावध राहा. ‘द प्राइस रोझ अँड द सप्लाय फेल. धिस अपसेट बायर्स.’ ‘धिस’ म्हणजे भाव वाढणं, पुरवठा घटणं, की दोन्ही? ‘धिस राइज’ किंवा ‘धिस शॉर्टेज’ असं एक नाम जोडलं की शंका मिटते. ‘धिस’ एकटं सोडायचं नाही, एवढंच लक्षात ठेवलं तरी अहवालातली बरीच धूळ खाली बसते.

शाईदौत

सगळ्यांचे आभार. आता हे सगळं एकाच वाक्यात गुंतलेलं एक उदाहरण टाकते. नियमावलीत अशी वाक्यं ढिगाने असतात:

‘एव्हरी एम्प्लॉयी हू लूजेस देअर कार्ड मस्ट टेल हिज मॅनेजर, अँड दे विल सेंड इट टू देम विदिन टू डेज.’

अनुस्वार

आधी सर्वनामं मोजूया: हू, देअर, हिज, दे, इट, देम. एका वाक्यात सहा.

‘हू’चा बाण ‘एम्प्लॉयी’कडे, ‘लूजेस’ एकवचनी, ठीक. ‘देअर’चाही बाण तिकडेच. एकवचनी ‘दे’ मान्य केलं तर तेही ठीक. पण तीन-चार शब्दांनी त्याच कर्मचाऱ्यासाठी ‘हिज’ आलं. ही पहिली चूक: एका मूळ नामाला दोन प्रकारची सर्वनामं. ‘दे विल सेंड’ मधलं ‘दे’ बहुधा मॅनेजरसाठी आहे आणि ‘देम’ कर्मचाऱ्यासाठी. एकवचनी ‘दे’ची हीच खरी अडचण आहे: दोन व्यक्ती समोरासमोर आल्या की दोघींनाही तेच सर्वनाम लागतं आणि बाण एकमेकांत अडकतात. शेवटी ‘इट’. त्याच्यासाठी वाक्यात एकच वस्तू आहे, कार्ड. पण ते तर हरवलंय! हरवलेलं कार्ड मॅनेजर कसं पाठवणार? पाठवायचंय नवं कार्ड आणि ते नाम वाक्यात कुठेच नाही. व्याकरणाने ‘इट’ला मूळ नाम मिळतं, अर्थाने मिळत नाही.

दुरुस्ती: ‘एम्प्लॉयीज हू लूज देअर कार्ड्स मस्ट टेल देअर मॅनेजर्स. द मॅनेजर विल सेंड ईच एम्प्लॉयी अ न्यू कार्ड विदिन टू डेज.’

कर्ता अनेकवचनी केला, त्यामुळे दोन्ही ‘देअर’ निर्विवाद झाले. वाक्य तोडलं आणि दुसऱ्या भागात सर्वनाम ठेवलंच नाही. ‘न्यू कार्ड’ हे नाम स्पष्ट लिहिलं. शब्द एकच वाढला.

कानामात्रा

‘देअर मॅनेजर्स’ म्हटल्यावर प्रत्येकाला अनेक मॅनेजर आहेत असा अर्थ नाही का निघत?

अनुस्वार

निघू शकतो, शंका रास्त आहे. वाटणीचं अनेकवचन इंग्रजीत नेहमी थोडं संदिग्ध असतं. सगळ्यांचा मॅनेजर एकच असेल तर ‘देअर मॅनेजर’. प्रत्येकाचा वेगळा पण एकेकच असेल आणि ते ठासून सांगायचं असेल तर मूळ वाक्य ‘यू’मध्ये न्या: ‘इफ यू लूज युअर कार्ड, टेल युअर मॅनेजर. युअर मॅनेजर विल सेंड यू अ न्यू कार्ड विदिन टू डेज.’ ‘यू’ला ना लिंग, ना वचनाचा प्रश्न, आणि वाचणारा एकेकटाच वाचत असतो. नियमावली कर्मचाऱ्यांनीच वाचायची असेल तर मी हेच रूप ठेवेन.